एकट्याची लबाडी

आमच्या घरमालकांच्या फोनमध्ये कायम पुढची तारीख असायची. किती पुढची, ते त्यांच्या त्या दिवसाच्या खेळावर ठरायचं. कधी दोन दिवस, कधी आठवडा. एकदा पोंगलला मी खाली शुभेच्छा द्यायला गेलो, तर त्यांच्या फोनमध्ये होळी होऊन गेली होती. त्यामुळे रक्तदाबाच्या गोळीचा अलार्म भलत्याच वेळी वाजायचा, आणि माझ्या बायकोला वाढदिवसाच्या पहिल्या शुभेच्छा दर वर्षी त्यांच्याकडून यायच्या, पण आठवडाभर आधी.

"निदान विसरत तरी नाहीत," ती माझ्याकडे बघत म्हणायची.

चेन्नईच्या वेस्ट मांबलममधल्या त्या घरात आम्ही वरच्या मजल्यावर भाडेकरू होतो. दहा-अकरा वर्षं, नेमकं सांगायचं तर अकराला दोन महिने कमी. खाली ते एकटेच राहत. बायको जाऊन बराच काळ झाला होता. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. त्या भागात कुठल्याही घरमालकाला मामाच म्हणतात, आणि मराठीतही तो शब्द चालतो, म्हणून आमची सोय झाली. ते मला 'सार' म्हणत. माझा धंदा हिशेब तपासण्याचा आहे हे कळल्यापासून त्या 'सार'मध्ये थोडा संशय मिसळला होता.

मामांचं घराणं मूळचं तंजावरचं, आणि मराठीही तिथलीच, जुनी. मी बोलायला लागलो की ते कान देऊन ऐकत आणि शेवटी म्हणत, "सार, तुमची मराठी बातम्यांसारखी आहे. बरोबर असते, पण घरची वाटत नाहीं." त्यांची घरची होती. त्यात अर्धं तमिळ होतं आणि चालही तमिळच. रागावले की ते पूर्ण तमिळमध्ये जात. तेव्हा मी वर निघून येत असे.

नोकरी त्यांनी आवडी नावाच्या उपनगरातल्या एका कारखान्यात, तपासणी विभागात काढली. आलेला माल मापात बसतो की नाही ते बघायचं आणि नाही बसला तर परत पाठवायचा. निवृत्तीनंतरही ते काम थांबलं नव्हतं, फक्त माल बदलला होता. भाजीवाल्याची भेंडी परत जायची. टी. नगरच्या एका साडीच्या दुकानातून मामा भाचीसाठी साडी घेऊन आले, घरी पिशवीत एक ब्लाउजपीस जादा निघाला, तर तोही परत गेला. दिवाळीच्या तोंडावर, गर्दीच्या बसमध्ये उभे राहून ते एवढंसं कापड देऊन आले. दुकानातल्या पोरीनं आजोबा समजून "राहू दे तात्ता, तुम्हांलाच ठेवा" म्हटलं म्हणून तिच्यावर चिडूनही आले. मांबलम स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत कोणी वयाकडे बघून त्यांना पुढे घेतलं, तर ते आभार मानत आणि जाऊन शेवटी उभे राहत.

असा माणूस एकटा असला की मात्र सरळ सरळ लबाडी करत असे. लपूनछपून नव्हे. आमच्या देखत, निवांतपणे.

पत्त्यांचा डाव एकट्यानं मांडला की उलटं पान आधी उचलून बघत. शब्दकोड्यात शब्द अडला की बसतील ती अक्षरं भरत आणि त्या शब्दाला स्वतः अर्थ देत. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आणि फोनमध्ये पावलं मोजायची सोय करून दिली. दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो तर इडलीचं पीठ वाटायचा ग्राइंडर घरघरत होता, त्याच्या झाकणावर फोन बांधलेला होता आणि मामा शेजारच्या झोपाळ्यावर बसून कॉफी पीत होते.

"मामा, हे काय?"

"चालतों आहें."

"तुम्ही बसलाय."

"सार, डॉक्टरला पावलं पाहिजेत. पीठ मला पाहिजे. दोन्ही होत आहेत."

मी म्हटलं, यानं फसतंय कोण? तब्येत तुमचीच ना? यावर ते खूश झाले, कारण मी आपण होऊन त्यांच्या मुद्द्यावर आलो होतो. "तेंच सांगतों. दुसरा मनुष्य असला तरच ती लबाडी. एकट्यानं केली तर ती सवलत."

हा त्यांचा सिद्धांत. मी त्यात भोकं पाडायचा पुष्कळ प्रयत्न केला. एकदा विचारलं, मग एकादशीला तुम्ही पाणी पिऊन दिवस का काढता? घरात कोणी नसतं. एक इडली खाल्ली तर कोणाला कळणार?

"अय्यो! तिथं देव आहे ना. दोघे झालों."

"मग पत्ते खेळताना देव नसतो?"

"देवाला दुसरीं कामं नाहींत कां?"

आता फोनमधल्या तारखेकडे येतो. मामा एक खेळ खेळत. लाकडी फळीवर सात-सात खळग्यांच्या दोन ओळी, त्यांत कवड्या. एका खळग्यातल्या कवड्या उचलून पुढे एकेक टाकत जायच्या आणि जमतील तेवढ्या जिंकायच्या. पल्लांगुळी. तिकडच्या घराघरांत ही फळी असे. आता ती बहुतेकांच्या माळ्यावर गेली आहे आणि खेळ फोनमध्ये आला आहे. फोनवर तो दोन प्रकारे खेळता येई: एकट्यानं, यंत्राविरुद्ध, पायरी-पायरीनं वर चढत, किंवा दूरच्या दुसऱ्या माणसाबरोबर. एकट्याच्या खेळात रोज ठरावीकच डाव मिळत. ते संपले की पडद्यावर येई: उद्या या.

मामा उद्याची वाट बघत नसत. फोनमधलं घड्याळ पुढे करून ते उद्याला इकडे आणत. तो संपला की परवाला. शिवाय डाव हरतोय असं दिसलं की शेवटची कवडी पडायच्या आत खेळच बंद करून टाकत, म्हणजे हार नोंदली जात नसे. मी विचारलं, अशानं जिंकण्यात मजा काय? ते म्हणाले, "सार, तुम्ही जिंकून बघा मग पुसा."

शुक्रवारी दुपारी मात्र फोन आजच्या तारखेत येई. मामा तोंड धुऊन, धुतलेला शर्ट घालून झोपाळ्यावर बसत आणि दोघांचा खेळ उघडत. समोर तंजावरहून त्यांची थोरली बहीण असे. अक्का. हा डाव ते डोळ्यांत तेल घालून, अक्षरशः घाम येईपर्यंत सरळ खेळत. हरले तर हरले. घड्याळ नाही, मध्येच बंद करणं नाही. बोटाचा धक्का लागून भलत्याच खळग्यातल्या कवड्या उचलल्या गेल्या तर तीही आपली चूक म्हणून सोसत.

हे शुक्रवार एवढे महत्त्वाचे का, ते मला बऱ्याच उशिरा कळलं, आणि तेही माझ्या बायकोकडून. मामांचं आणि अक्काचं बोलणं बंद होतं. सात-आठ वर्षं. अक्काच्या मुलीला एक स्थळ आलं होतं. मुलाचा बाप सगळ्यांसमोर मामांना म्हणाला, तुम्ही मुलीचे मामा, तुम्हीच सांगा, मुलीचं वय काय? अक्कानं आधी अठ्ठावीस सांगितलं होतं. मामांनी एकतीस सांगितलं. स्थळ गेलं. मुलीचं पुढे चांगल्या घरी लग्न झालं, तिला दोन मुलंही झाली. पण अक्का त्या दिवसापासून भावाशी एक शब्द बोलली नाही. मामांचे फोन तिनं घेतले नाहीत. मामा तंजावरला गेले तेव्हा ती देवळात जाऊन बसली. मग कधी तरी या खेळात तिचं नाव मामांना दिसलं. त्यांनी डावाचं आमंत्रण पाठवलं. आणि तिनं ते घेतलं. त्या खेळात बोलायची सोय नव्हती, म्हणूनच घेतलं असावं.

तेव्हापासून दर शुक्रवारी ते खेळत. बहीण-भाऊ म्हणून जे काही उरलं होतं ते एवढंच.

आणि एका शुक्रवारी मामांना खेळ उघडता येईना.

ते जिना चढून वर आले. हे ते कधी करत नसत. घरमालकानं भाडेकरूच्या दारात उभं राहू नये असा त्यांचा नियम होता. फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर त्यांच्या नावावर लाल आडवी पट्टी होती आणि खाली लिहिलं होतं: गैरप्रकारामुळे या खेळाडूस बंदी.

"सार, ही पट्टी अक्कालाही दिसेल कां?"

मी बायकोच्या फोनवरून बघितलं. कोणालाही दिसत होती.

मामा आमच्या खुर्चीवर बसले. "ती म्हणेल, माझ्या मुलीच्या वेळेस मोठा सत्यवान झाला होता, आणि इकडे मज कवड्यांत फसवत होता. तिजबरोबर मी एक कवडी इकडची तिकडे केली नाहीं, सार. एक नाहीं."

मला ते माहीत होतं. म्हणून मी रागावलो. खेळाच्या अटी कोणी वाचत नाही. मी त्या संध्याकाळी बसून सगळ्या वाचल्या. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की घड्याळ बदलणं हा गैरप्रकार, मग तो खेळाच्या कुठल्याही प्रकारात केलेला असो, आणि शिक्षा संपूर्ण खात्याला. मला हे मुळीच पटलं नाही. बायकोला म्हटलं, "हा काय न्याय आहे? मी घरात एकटा पत्ते खेळताना पान उचलून बघितलं, म्हणून पत्त्यांचा कारखानदार घरी येऊन कॅट घेऊन जाईल?"

ती भाजी चिरत होती. "कॅट तुम्ही विकत आणलेला असतो. हा खेळ फुकट आहे. त्यांच्या घरात जाऊन खेळताय, तर त्यांचे नियम."

"पण नुकसान कोणाचं झालं ते दाखवा ना! नुकसान नाही तर शिक्षा कशाची? आणि केलीच तर त्या खेळापुरती करा. एकट्याच्या खेळात घड्याळ बदललं, तर एकट्याचा खेळ बंद करा. अक्काबरोबरचा डाव का बंद?"

"मग हेच लिहा त्यांना. मला काय सांगताय?"

लिहिण्याआधी मी नेहमीप्रमाणे माझी बाजू तपासून घेतली. समोरच्याला एकही भोक सापडू नये म्हणून स्वतःच आधी शोधायचं, ही कामाची सवय. आणि मला भोक सापडलं. एकट्याच्या खेळात, पार तळाशी, एक तक्ता होता. त्या आठवड्यात आपल्या शहरात सगळ्यांत जास्त पायऱ्या कोण चढलं त्याचा. पहिल्याला सोन्याची कवडी मिळे. खरी नव्हे, चित्रातली, नावापुढे लावायची. मागचे तक्तेही ठेवलेले होते. मामा कित्येक महिने पहिले होते. त्यांच्याखाली, जवळजवळ प्रत्येक आठवड्यात, एकच नाव दुसरं होतं. कुणी मैलापूरची बाई.

मी खाली जाऊन मामांना ते दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसून परत लावला.

"हें मी कधी पाहिलं नाहीं. खाली इतकं आहे हेंच ठाऊक नाहीं."

"तुम्ही कायम वर होता. खाली बघायची गरज पडली नसेल."

"म्हणजे माझ्या मागे कोणी होतं?"

"होतं."

"ही बाई घड्याळ बदलत नसेल?"

"बदलत असती तर तिच्यावरही पट्टी आली असती. नाही आली."

मामांनी त्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे ही रोज उद्याची वाट पाहत बसली. आणि मी उद्या खाऊन टाकत होतों." चष्मा काढून: "सार, हें बरोबर नाहीं. पट्टी बरोबर आहे."

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की तक्ता हा कंपनीचा दोष आहे. एकट्याचा खेळ म्हणायचं आणि खाली स्पर्धा लावायची, हे दोन्ही चालणार नाही. अजूनही माझं तेच मत आहे. खेळ खरोखर एकट्याचा असेल तर त्यातल्या माणसाला त्याचं त्याचं सोडून द्यावं, आणि नसेल तर तसं वरच लिहावं, तळाशी नव्हे. पण मामांना माझ्या मतात रस राहिला नव्हता. समोर माणूस निघाला होता.

बायकोनं मग व्यवहारी तोड काढली. कॉफी घेऊन ती खाली आली आणि म्हणाली, "मामा, लिहून टाका की फोन जुना आहे, घड्याळ आपोआप पुढे जातं. यंत्रच वाचणार आहे ते. शुक्रवार परत मिळाला म्हणजे झालं. कोणाचं काय जातंय?"

खरं तर ते चाललं असतं. अटींमध्ये बिघडलेल्या फोनला माफी होती, आणि दाद मागायच्या अर्जात पहिलाच प्रश्न होता: घड्याळ तुम्ही बदललं का? मी ते वाचलं होतं आणि मामांना सांगितलंही.

"फोनला तोंड नाहीं म्हणून त्याजवर घालूं?" मामा म्हणाले.

"मामा, अक्का आहे पलीकडे," बायको म्हणाली. "त्या कंपनीपेक्षा अक्का जवळची ना?"

"कंपनीनं मज पुसलं, घड्याळ बदललं कां. पुसणारा समोर आहे. त्याला खोटं कसं सांगूं?"

बायको वर आल्यावर म्हणाली, "एकतीस म्हणाले होते ना, तेही असंच म्हणाले असणार." आणि भांडी जरा जास्तच जोरात घासायला घेतली.

मामांनी उत्तर लिहिलं. मी इंग्रजी नीट करून दिलं, पण मजकूर त्यांचा. घड्याळ मीच बदललं. एकट्याचा खेळ आहे असं समजून बदललं. बहिणीबरोबर कधी बदललं नाही. मैलापूरच्या बाईंना सोन्याच्या कवड्या देऊन टाका. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: प्रामाणिक कबुलीबद्दल आभार, बंदी कायम.

पुढचा शुक्रवार फार वाईट गेला. मामांनी धुतलेला शर्ट घातला आणि नुसतेच झोपाळ्यावर बसून राहिले. फोन शेजारी पालथा. मी त्या दिवशी सुटी घेतली होती. बायको म्हणाली, जाऊन बसा जरा. मी गेलो. पाण्याच्या टाकीच्या गळतीबद्दल बोलत होतो.

फोन वाजला. मामांनी उचलला, नाव बघितलं आणि घाईघाईत बोलणं सगळीकडे ऐकू जाईल असं बटण त्यांच्याकडून दाबलं गेलं. त्यामुळे मी ऐकलं. उठून जायला हवं होतं, पण मामांनी दुसऱ्या हातानं माझं मनगट धरून ठेवलं होतं.

"तंबी," धाकट्या भावाला मारावी तशी हाक पलीकडून आली. खणखणीत. "तूं लबाडी केलीस?"

"हो, अक्का."

"खरी लबाडी?"

"हो. पण तुजबरोबर नाहीं. एकट्याच्या खेळांत, कित्येक महिने."

पलीकडे काही तरी झालं. मला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती. ठसका लागेपर्यंत हसली. मग म्हणाली, "अरे, इतकीं वर्षं मी समजत होतें तुला येतच नाहीं. म्हटलं, त्याचा काय दोष, जिभेलाच वळत नाहीं त्याच्या. आतां कळलं, येतं तुला. उत्तम येतं. महिनोन्महिने येतं." हसणं थांबलं. "मग त्या दिवशीं माझ्या पोरीसाठी एक वाक्य कां आलं नाहीं?"

मामांनी आपलं नेहमीचं उत्तर दिलं. दुसरं त्यांच्याकडे नव्हतंच. "अक्का, समोर मनुष्य होता. त्यानं पुसलं."

"आणि मी?" अक्का म्हणाली. "मी तुझ्या शेजारीं बसलें होतें. मी कोण होतें?"

मामांनी माझं मनगट सोडलं. मी वर निघून आलो. पुढे काय बोलले ते मला माहीत नाही; फोन मात्र तासाभरानंतरही चालू होता, कारण खालून मामांचं "हो, अक्का" अधूनमधून ऐकू येत होतं. तमिळमध्ये ते एकदाही गेले नाहीत.

त्यानंतर महिन्याभरानं अक्का चेन्नईला आली. ठेंगणी, नाकात दोन्हीकडे हिऱ्याच्या मोरण्या, हातात कापडात गुंडाळलेली लांबट फळी. आल्या आल्या तिनं मामांच्या घरातला फोन ठेवायचा कोनाडा रिकामा करून तिथं कवड्यांची पिशवी ठेवली. आम्हांला कॉफीला बोलावलं. माझ्या बायकोला ती 'पोरी' म्हणाली आणि मला 'तुम्ही हिशेबवाले ना, मग मोजायला बसा' म्हणून फळीशेजारी बसवलं.

डाव सुरू झाला. अक्काच्या मोरण्या हलत होत्या आणि तोंड अखंड चालू होतं: या भावाला लहानपणी मूठ पुरती मिटता येत नव्हती, हा पडसं झालं की देवळात झोपायचा, याच्या लग्नात यानंच पुरोहिताची चूक काढली. मामा मान खाली घालून कवड्या टाकत होते. मी मोजत होतो. मोजायला बसवलं की मी मोजतोच.

तिसऱ्या डावात माझा मेळ बसेना. अक्काच्या खळग्यातून उचललेल्या आणि पुढे टाकलेल्या कवड्यांत फरक येत होता. मी हात बघू लागलो. अक्का कवड्या टाकताना शेवटच्या दोन टाकतच नव्हती. करंगळीखाली धरून ठेवत होती आणि पदर सारखा करताना त्या मांडीवर सोडत होती. सफाई अशी की माझ्या बायकोला शेजारी बसून दिसलं नाही.

मामांना दिसलं. आयुष्यभर माल तपासणारे त्यांचे डोळे. ते करंगळीवर जाऊन थांबले. बोटांत धरलेली कवडी तशीच राहिली. मी वाट बघू लागलो. भेंडी, ब्लाउजपीस, एकतीस, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं, आणि मनात म्हटलं, आता ही बाई आजच्या गाडीनं परत जाणार.

"काय झालं रे?" अक्का म्हणाली. "खेळ ना. हिशेबवाले, बरोबर आहे ना सगळं?"

मी मामांकडे बघितलं. मामांनी माझ्याकडे. त्यांची मान आधी लाल झाली, मग कान. मग त्यांनी हातातली कवडी खळग्यात टाकली आणि घसा खाकरून, प्रत्येक शब्द पहिल्यांदाच शिकत असल्यासारखा, माझ्याकडे बघत म्हणाले,

"पुसायचं काय त्यांत, सार? अक्काचा हात फार स्वच्छ आहे."